‘अ-२’ श्रेणी मिळाली. पण वाचता येते का?

दरवर्षी १ मेच्या सुमारास आपल्या वस्त्यांतून एक ओळखीचे दृश्य दिसते. मूल शाळेतून प्रगतिपुस्तक घेऊन येते. आई पदराला हात पुसत ते हातात घेते. वडील पाळीवर जायच्या घाईत असतात. मग चाळीतला कुणीतरी शिकलेला मुलगा बोलावला जातो. तो पाने उलटतो आणि सांगतो, “पास आहे, काकी. अ-दोन आहे.” घरात आनंद होतो, पेढ्यांचा पुडा येतो आणि ते प्रगतिपुस्तक पेटीत रेशनकार्डाशेजारी जाऊन बसते. पुढच्या मे महिन्यापर्यंत त्याला कुणी हात लावत नाही.

आनंद जरूर व्हावा. ज्यांच्या पणजोबांना शाळेच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या घरी प्रगतिपुस्तक येते ही काही लहान गोष्ट नाही. परंतु पास होणे आणि शिकणे या दोन गोष्टी आजच्या प्राथमिक शाळेत एक राहिलेल्या नाहीत, हे भिवंडीतल्या आपल्या कष्टकरी आईबापांनी वेळीच जाणून घेतले पाहिजे. माग चालवणारा, गोदामात हमाली करणारा, महापालिकेत सफाईचे काम करणारा, रिक्षा चालवणारा बाप आणि घरोघरची धुणीभांडी करणारी आई पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवतात. त्या शिकण्याचे खरे माप त्यांना स्वतःला घेता येईल का, एवढाच या लेखाचा विषय आहे. माझे उत्तर ‘येईल’ असे आहे. आई निरक्षर असली तरी येईल.

ती श्रेणी काय सांगते?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला नापास करून त्याच वर्गात ठेवायचे नाही, असे या कायद्याने ठरवले. पाठोपाठ महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आणले. नाव भारदस्त आहे, अर्थ सोपा आहे. वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा घेऊन मुलाचे भवितव्य ठरवू नये, वर्षभर त्याच्याकडे लक्ष द्यावे. तोंडी काम, गृहपाठ, प्रकल्प, उपक्रम, छोट्या चाचण्या हे आकारिक मूल्यमापन, आणि सत्राच्या अखेरीस जी परीक्षा होते ते संकलित मूल्यमापन. पहिली-दुसरीत आकारिकला ७० आणि संकलितला ३० गुण, तिसरी-चौथीत ६० आणि ४०, अशी ती विभागणी. दोन्हींच्या बेरजेवरून श्रेणी पडते : ९१ च्या पुढे अ-१, ८१ ते ९० ला अ-२, मग ब आणि क च्या दोन-दोन पायऱ्या, ३३ ते ४० ला ड आणि त्याच्या खाली ई.

या पद्धतीमागचा विचार वाईट नव्हता. पूर्वी मूल दोनदा नापास झाले की शाळा सुटायची, आणि अशी शाळा सुटलेली माणसे आपल्या जवळजवळ प्रत्येक घरात सापडतील. परंतु वर्गात मुले भरपूर, शिक्षकांच्या माथी निवडणुकीची आणि जनगणनेची कामे, त्यात भरायच्या नोंदवह्यांचा ढीग. मग नोंद कधी मुलाकडे पाहून होते, तर कधी मागच्या नोंदीकडे पाहून होते. प्रकल्पाची वही दुकानातून आणलेल्या चित्रांनी भरली की गुण पडतात. मन लावून, मुलाला समोर बसवून नोंदी ठेवणारे शिक्षक आहेत आणि त्यांच्या वर्गातली श्रेणी खरी असते. पण बाहेरून पाहणाऱ्या पालकाला दोन्ही श्रेणी सारख्याच दिसतात, ही अडचण आहे.

आता यात एक बदल झाला आहे आणि तो पुष्कळ पालकांपर्यंत अजून पोहोचलेला नाही. केंद्राने २०१९ साली कायद्यात दुरुस्ती केली, महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम बदलले, आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. तीत मूल नापास झाले तर जादा मार्गदर्शन देऊन पुन्हा परीक्षा घेतली जाते. तीही जमली नाही तर मूल त्याच वर्गात राहते. म्हणजे पहिलीपासून चौथीपर्यंत गाडी कुठेही थांबत नाही आणि पाचवीला एकदम फाटक लागते. चार वर्षे ‘पास आहे’ ऐकलेल्या आईबापांना त्या दिवशी पहिल्यांदा कळते की मुलीला वाचता येत नाही. आणि मुलगी असेल तर घरात पुढचे वाक्य तयार असते, “राहू दे आता, धाकट्याला सांभाळेल.” आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही, असे कायदा सांगतो. पण शाळेने काढले नाही आणि घरच्यांनीच काढले, तर कायदा काय करणार?

वंदना पाठ आहे

रविवारी विहारात लहान मुले त्रिसरण-पंचशील खणखणीत आवाजात म्हणतात, ते ऐकून मोठ्या माणसांची छाती भरून येते. अशाच एका रविवारी चौथीतल्या एका मुलीच्या हाती मी वंदनेची पुस्तिका दिली आणि पाचव्या शीलातल्या ‘सुरामेरय’ या शब्दावर बोट ठेव, असे सांगितले. ती सुरुवातीपासून शील म्हणत बोट सरकवू लागली. बोट पुढे गेले, तोंड मागे राहिले. शब्द काही सापडेना. मी दुसरा शब्द सांगितला, तोही सापडेना. तिची आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, “भाऊ, तिला सगळं येतं की. रोज म्हणते ती घरात.” आई खोटे बोलत नव्हती. त्या वर्षी त्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावर अ-२ होते.

पाठांतराला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. भगवान बुद्धांचा धम्म कित्येक शतके भिक्खुसंघाने मुखोद्गत करूनच जपला, मग तो लिहिला गेला. पण पाठांतर म्हणजे वाचन नव्हे. दांडगी स्मरणशक्ती असलेले मूल बाईंनी दोनदा वाचलेला धडा चित्र पाहून घडाघडा म्हणते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की ते वाचते आहे. उलट सांगायचे तर, ज्या मुलाची स्मरणशक्ती इतकी चांगली त्याला वाचायला शिकवणे अवघड नसते. फक्त त्याला वाचता येत नाही हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवे.

भिवंडीत याला आणखी एक पदर आहे. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शेजारच्या खोल्यांत उर्दू आणि तेलुगू, विहारात पाली आणि मोबाइलवर इंग्रजी गाणी. आपले मूल तीन-चार भाषांत व्यवहार करते. लिहिताना त्याच्या मराठीत हिंदी शब्द शिरले तर त्याला मठ्ठ ठरवू नये. भाषा मिसळणे ही या गावाची रीतच आहे आणि ती वर्षा-दोन वर्षांत सुधारते. वाचता न येणे आपोआप सुधारत नाही.

बाबासाहेबांनी दिलेले माप

मग शिकण्याचे माप कोणते घ्यावे? ते आपल्याला बाहेर शोधायला जायची गरज नाही. मार्च १९२७ मध्ये, ज्या महिन्यात महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्याच महिन्यात, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. प्राथमिक शाळेत आलेल्या दर शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे आकडे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. शाळेच्या दारातून आत आलेले प्रत्येक मूल साक्षर होऊन, आणि पुढे आयुष्यभर साक्षर राहील इतके शिकूनच बाहेर पडावे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

आज मूल चौथीपर्यंत पोहोचते. त्या लढाईचा तो अर्धा भाग पुष्कळसा जिंकला गेला आहे. पोहोचलेले मूल आयुष्यभर साक्षर राहील का, हा उरलेला अर्धा भाग आहे, आणि त्याचे उत्तर गुणांच्या बेरजेतून मिळत नाही. ही मुलगी तिसाव्या वर्षी कर्जाचा कागद स्वतः वाचून सही करील का? हा मुलगा पगाराच्या पावतीवरची कपात ओळखील का? औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचता येईल का? हे माप घेऊन चौथीच्या मुलाकडे पाहिले म्हणजे अ-२ आणि ब-१ मधला फरक फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

खुद्द बाबासाहेबांचेच पाहा. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्केवारी काढली तर ती ३७.६ भरते. आजच्या एखाद्या क्लासवाल्याने या गुणांवर त्यांना प्रवेश दिला असता की नाही, सांगता येत नाही. पण चर्नी रोडच्या बागेत रोज पुस्तक घेऊन बसणारा हा मुलगा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी पाहिला होता. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तके दिली. मॅट्रिक झाल्यावर सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले, आणि पुढे सयाजीराव महाराज गायकवाडांकडून दरमहा पंचवीस रुपयांची मदत मिळवून देण्यातही त्यांचाच हात होता. केळुसकरांनी गुणपत्रक पाहून त्या मुलाची पारख केली नव्हती. तो काय वाचतो आणि कसा वाचतो, हे त्यांनी समोर पाहिले होते.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांना सुभेदार रामजींसारखे वडील होते. खरे आहे. ते लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले. परळच्या चाळीतल्या एका खोलीत मुलाला लवकर झोपवून पहाटे दोनला अभ्यासाला उठवणारे. तसा बाप प्रत्येक घरात कुठून येणार? बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला पहाटे दोनला उठायला सांगणे हे माणुसकीलाही धरून नाही. पण मुलाला शिकवण्यासाठी शिकलेला माणूस लागतो. मूल शिकते आहे की नाही हे पाहण्यासाठी महिन्यातून दहा मिनिटे समोर बसणारा माणूस पुरतो.

घरातली दहा मिनिटे

मुलाचे पुस्तक घ्या. सध्या वर्गात चालू आहे तो धडा नको, कारण तो पाठ असण्याचा संभव असतो. मागच्या इयत्तेच्या पुस्तकातले कुठलेही पान काढा, चित्रावर हात ठेवा आणि मुलाला सर्वांत खालच्या ओळीपासून वर वाचायला सांगा. पाठांतराचा आधार लगेच सुटतो. खरोखर वाचणारे मूल खालूनही वाचते, जरा हळू वाचते इतकेच.

आई-वडिलांना स्वतःला वाचता येत नसेल तर आणखी एक युक्ती आहे. पानावरच्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा, “हा कोणता?” त्याने सांगितला की म्हणा, “हाच शब्द आणखी कुठे आहे, दाखव.” त्याने दाखवलेले दोन शब्द सारखे दिसतात का, हे पाहायला अक्षरओळख लागत नाही. कापडातली नक्षी चुकली की ज्या बाईला लांबून कळते, तिला हेही कळते. मग त्याला म्हणा, आता पुस्तक मीट आणि काय वाचलेस ते आपल्या बोलीत सांग. अक्षराला अक्षर जोडत धापा टाकत वाचणाऱ्या मुलाला गोष्ट सांगता येत नाही, कारण त्याची सगळी ताकद अक्षरे जुळवण्यात जाते. कान देऊन ऐकणाऱ्या आईला हा फरक पहिल्याच वेळी समजतो.

लिहिण्याचेही असेच आहे. सुंदर अक्षरात भरलेल्या वह्या पाहून आपण भुलतो. त्या वह्यांतले बहुतेक फळ्यावरून उतरवलेले असते, आणि उतरवणे म्हणजे एका अर्थी चित्र काढणे. मुलाला कोरा कागद द्या आणि मामाला पाच ओळींचे पत्र लिहायला सांगा. कुणी सांगू नका, कुठे पाहू देऊ नका. तो कागद ठेवून द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच हाती देऊन म्हणा, वाच बघू काय लिहिलेस. स्वतःचे लिहिलेले स्वतःला वाचता आले तर मूल लिहिते आहे. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर असू द्या. त्या पुढे निघतील.

गणितात पाढे म्हणून घेऊ नका. पाढ्याचीही गाथा झालेली असते. मुलाला ‘सात एके सात’पासून सुरुवात करावी लागते. मधूनच विचारा, सात सक किती? बेचाळीस म्हणायला त्याला खालून चढत यावे लागले, तर पाढा तोंडात आहे, डोक्यात नाही. हातच्याची वजाबाकी द्या, ५२ मधून ३७. आपली मुले किराणा दुकानातून सुटे पैसे अचूक आणतात आणि तीच वजाबाकी कागदावर चुकवतात, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. अशा मुलाला हिशेब येत नाही असे म्हणू नये. त्याला येतो, कागदावरची रीत कुणी त्याच्या हिशेबाशी जोडून दिलेली नाही. चौथी-पाचवीच्या मुलाला भागाकार विचारा. जयंतीला ७२ वह्या आल्या, सहा मुलांत सारख्या वाटायच्या, प्रत्येकाला किती?

कोणत्या इयत्तेत किती यावे, याचेही माप शासनाने ठरवलेले आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानुसार पहिलीच्या अखेरीस मुलाला चार-पाच शब्दांची सोपी वाक्ये आणि ९९ पर्यंतचे अंक वाचता यावेत. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि ९९९ पर्यंतचे अंक, तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून, आणि ९,९९९ पर्यंतचे अंक. २०२६-२७ पर्यंत तिसरीतले प्रत्येक मूल इथवर यावे, असे उद्दिष्ट आहे. घड्याळ लावून शब्द मोजायचे काम थोरला भाऊ किंवा शेजारची मुलगी सहज करील.

आपलेच मूल मागे आहे, असे समजून खचून जाण्याचे कारण नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९० च्या दशकात सुरू झालेली ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून देशभर घरोघरी जाऊन मुलांना एक उतारा आणि दोन-चार उदाहरणे देऊन पाहते. ही ‘असर’ पाहणी ग्रामीण भागाची असते, भिवंडी शहर तीत येत नाही. पण २०२४ च्या पाहणीत पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले ४८.८ टक्केच निघाली आणि भागाकार जमणारी ३०.७ टक्के. ही पाचवीची मुले आहेत आणि उतारा दुसरीचा आहे. तेव्हा दोष आपल्या मुलाच्या डोक्यात नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

इंग्रजी माध्यमाच्या घरांसाठी दोन शब्द. पोटाला चिमटा घेऊन फी भरणाऱ्या आईबापांना मी शहाणपण शिकवणार नाही. माध्यम कोणते घ्यावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण वहीवर लाल शाईने ‘गुड’ लिहिले आहे आणि चांदणी काढली आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. इंग्रजी धडा वाचून झाला की मुलाला विचारा, यात काय झाले ते मराठीत सांग. सांगता आले नाही तर त्याला धडा समजलेला नाही, मग तो कितीही ठसक्यात वाचलेला असो. ज्या घरात इंग्रजी कुणालाच येत नाही त्या घरात मूल काय शिकते आहे हे विचारणारेही कुणी उरत नाही. शाळेला हे माहीत असते.

ही दहा मिनिटे महिन्यातून एकदा पुरेत. पाहुण्यांसमोर नको, जेवताना नको, आणि हातात पट्टी तर मुळीच नको. काय आले, काय अडले ते तारखेसह कॅलेंडरच्या पानामागे लिहून किंवा कुणाकडून लिहवून ठेवावे. मी कारकून माणूस, मला नोंदीची सवय. पण खरेच सांगतो, जूनची नोंद आणि सप्टेंबरची नोंद शेजारी ठेवली की मूल चालते आहे की थांबले आहे हे शेजारच्या मुलाशी तुलना न करता दिसते.

बाईंना काय विचारावे

आपले पालक शाळेत गेले तर एकच प्रश्न विचारतात, “बाई, कसा आहे हो आमचा अभ्यासात?” त्याला एकच उत्तर असते, “ठीक आहे, घरी लक्ष द्या.” प्रश्न मोघम असला की उत्तरही मोघम मिळते. त्याऐवजी विचारा : बाई, जोडाक्षरे असलेला उतारा त्याला न अडखळता वाचता येतो का? हातच्याची वजाबाकी येते का? तिसरीच्या पुढच्या वर्गांना ज्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या होतात, त्यातला त्याचा पेपर पाहू का? घरी घेतलेली नोंदही दाखवा. शिक्षकावर आरोप करायला जाऊ नका. मूल कुठे अडले हे सांगणारा पालक आला तर चांगल्या शिक्षकाला बरेच वाटते.

आणि हे विचारणे म्हणजे मेहेरबानी मागणे नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये लिहिलेली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहणे, गरज असेल तर त्याला जादा शिकवणे, आणि पालकांना नियमित भेटून हजेरी, क्षमता व प्रगती सांगणे ही त्यातली आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. आपल्या वस्तीतल्या किती भगिनी या समितीवर आहेत, आणि ज्या आहेत त्यांना सहीपलीकडे काय विचारले जाते, हे एकदा पाहावे. मागावरच्या ज्या बांधवांना शुक्रवारची सुट्टी असते त्यांनी एवढे करावे : शुक्रवारी मराठी शाळा चालू असते.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. ‘तुमच्या मुलांना एवढं आलं तरी खूप झालं’ असा सूर काही ठिकाणी अजून निघतो. कधी शब्दात, कधी मुलाला मागच्या बाकावर बसवण्यात. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी बाबासाहेबांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून वर्गात गोंधळ उडाला आणि मुलांनी आधी डबे हलवले. आता डबे कुणी हलवत नाही. पण मुलाला वर्षभरात एकदाही फळ्याकडे बोलावले नाही, तर त्याला काय येते ते कळणार कसे? मुलाला हा साधा प्रश्न जरूर विचारावा : या आठवड्यात बाईंनी तुला फळ्याकडे कधी बोलावले?

‘ढ’ म्हणण्यापूर्वी

घरातल्या परीक्षेत मूल अडले की बहुतेक घरांत पहिला शब्द येतो ‘ढ’, आणि दुसरी चापट. दोन्हींनी काही निष्पन्न होत नाही. आधी त्याचे डोळे तपासावेत. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणारी मुले प्रत्येक वर्गात असतात आणि ती कधी तक्रार करीत नाहीत, कारण सगळ्यांना तसेच दिसते असे त्यांना वाटते. मागांच्या खडखडाटात वाढलेल्या मुलाचे कानही एकदा पाहून घ्यावेत. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते तेव्हा मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नये. मग हजेरी पाहावी. गावच्या लग्नसराईला, आजारपणाला, धाकट्याला सांभाळायला किती दिवस गेले? दुसरीत जोडाक्षरे शिकवली त्या पंधरवड्यात मूल गावी असेल तर ते जोडाक्षरांशीच अडणार, त्याला बुद्धीचा संबंध नाही.

एवढे पाहूनही चांगले बोलणारे, समजदार मूल वाचनात सतत अडत असेल, अक्षरे उलटसुलट करीत असेल, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. तिची तपासणी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजे आपण ज्याला सायन हॉस्पिटल म्हणतो तिथे होते. कल्याणहून किंवा ठाण्याहून लोकलने जाता येते. अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. ते मूल मंद नसते. त्याला शिकवण्याची रीत वेगळी लागते.

आणि ज्या मुलांना यातले काहीच नाही, नुसते वाचायला कुणी बसवलेले नाही, अशीच मुले सर्वांत जास्त असतात. त्यांना महागड्या क्लासची गरज नसते. क्लासमध्येही बहुधा शाळेचाच गृहपाठ पुरा करून घेतात. ज्या पायरीवर मूल आहे तिथून सुरुवात करावी लागते. चौथीतल्या मुलाला काना-मात्रा येत नसतील तर पहिलीचे पुस्तक, न लाजता. बालभारतीची पुस्तके मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात. सातवी-आठवीच्या मुलामुलींनी विहारात संध्याकाळी दोन-दोन लहानग्यांना घेऊन रोज वीस मिनिटे वाचायला बसले तरी तीन-चार महिन्यांत फरक दिसतो. वर सांगितलेली ती मुलगी अशीच एका आठवीतल्या ताईपाशी बसत असे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती आपणहून पुस्तिका घेऊन आली आणि मधलीच पाने काढून वाचू लागली. एका जोडाक्षराशी थांबली, ताईकडे पाहिले, ताईने सांगितले नाही, आणि मग तिचे तिनेच जुळवले.

जयंती मंडळांनाही एक विनंती आहे. १४ एप्रिलच्या आसपासच शाळांच्या परीक्षा असतात. वर्गणीतल्या डीजेचा एक तास कमी झाला तर तेवढ्या पैशात विहारात लहान मुलांची पन्नास-साठ पुस्तके येतील, आणि त्या महिन्यात रात्री दहानंतर वस्तीत आवाज बंद राहिला तर पाचवीच्या परीक्षेला बसणारे मूल झोपेल तरी. पाचवीत यंदा आपल्या वस्तीतली कोणकोण आहेत, त्यांची यादी मंडळाने आताच करावी. पुनर्परीक्षेची वेळ आलीच, तर तिच्या आधीचे जे दिवस मिळतात त्यांत त्या मुलांना कोण घेऊन बसणार, हेही त्याच बैठकीत ठरवून टाकावे.